आर्थिक संकट आणि विद्यापीठांचा खर्च

घरांत पैशाची ओढ लागली म्हणजे गृहिणी प्रथम सणावाराचा खर्च आंखडते. मुलांच्या दुधाला ती सहसा हात लावीत नाहीं. राष्ट्राच्या संसारांतहि अशी वेळ येते, आणि मग प्रश्न पडतो कीं, उच्च शिक्षण हें दूध कीं सणाचें पक्वान्न? आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

आपल्या देशापुढें हा प्रश्न १९९१ सालीं तीव्रतेनें उभा राहिला. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, आणि रिझर्व्ह बँकेस सुमारें ४७ टन सोनें परदेशीं गहाण टाकावें लागलें. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें कर्ज मिळालें तें सरकारी तूट कमी करण्याच्या अटीवर. कर्जाचें व्याज टाळतां येत नव्हतें. तेव्हां काटकसरीची दृष्टि अनुदानांकडे वळली.

पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानें न्यायमूर्ति पुन्नय्या यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें १९९३ सालीं सुचविलें कीं, केंद्रीय अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांनीं आवर्ती खर्चाचा १५ टक्के भाग पांच वर्षांत आणि २५ टक्के भाग दहा वर्षांत स्वतः उभारावा. मुख्य भार मात्र सरकारनेंच वाहावा, असेंहि तिचें म्हणणें होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संकट नवी कल्पना क्वचितच जन्मास घालतें. दाराशीं थांबलेल्या कल्पनेला तें आंत घेतें. विद्यार्थ्यांच्या फीवर महाविद्यालय चालवावें, ही कल्पना १९९१ ची नव्हे. महाराष्ट्रांत मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकीर्दींत १९८३ सालींच विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस वाट मोकळी झाली होती. शिवाय, संकट ओसरलें तरी विचार ओसरत नाहीं. १९९७ सालीं गंगाजळी पुन्हां भरलेली होती; तरीहि अर्थमंत्रालयाच्या चर्चापत्रांत अग्रहक्काचें ठरलें तें प्राथमिक शिक्षण, उच्च शिक्षण नव्हे.

पदवीधर अधिक मिळवितो, मग त्याचा भार मजुराच्या करावर कां, हा सवाल रास्त आहे. परंतु फी द्यावयाची ती आज, आणि पदवीधराची मिळकत सुरू होणार ती चार वर्षांनीं. तोंवर मजुराच्याच मुलानें काय करावें? शिष्यवृत्ति नसेल तर ज्याच्या नांवानें सुधारणा झाली, त्याच्याच मुलाला दार बंद होतें.

म्हणून टंचाईच्या काळांत सुधारणेचा प्रस्ताव आला, तर आपण दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: ही तजवीज किती वर्षांची? आणि फीची वाढ व शिष्यवृत्ति एकाच दिवशीं अमलांत येणार काय? संकटाला मुदत असते. त्याच्या पोटीं झालेल्या कायद्याला ती आपणच घालून द्यावी लागते.