बोअरचं पाणी, गोल्डफिश आणि मनी प्लांट

फिश टँकचं पाणी बिघडलं की दुकानदार एकच उपाय सांगतो : ‘भाऊ, निम्मं पाणी काढा, निम्मं ताजं भरा.’ सल्ला जुना आहे आणि धरणाचं पाणी रोज नळाला येतं त्या शहरांत तो लागूही पडतो. जळगाव-धुळ्यात मात्र ‘ताजं पाणी’ म्हणजे बऱ्याच घरांत बोअरचं पाणी. नळाचं पाणी येईल त्या दिवशी पिण्यापुरतं भरून ठेवायचं आणि धुणी-भांडी, कुलर, झाडं, मासे हे सगळं बोअरवर ढकलायचं, ही इथली रीत. धुळ्यात तर अनेक वर्षं लोकांनी नळाच्या पाण्याची आठवडा-आठवडा वाट पाहिली आहे. गंमत अशी की जे नायट्रेट बाहेर काढायचं म्हणून आपण टँकचं पाणी बदलतो, तेच नायट्रेट बोअरच्या बादलीतून परत आत येत असतं.

हा नुसता तर्क नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं भारतीय मानक सांगतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे एक पंचमांश नमुन्यांनी ही मर्यादा ओलांडलेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त निघालं. अहवालाने सर्वाधिक चिंतेचे म्हणून जे पंधरा जिल्हे नावानिशी सांगितले, त्यांत सात आपल्या राज्यातले आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि जळगाव.

आता टँकमध्ये काय चालतं ते पाहू. माशांच्या खाद्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांमध्ये सुमारे सोळा टक्के नत्र (नायट्रोजन). मासा त्यातला पाव ते तिसरा हिस्सा अंगाला लावून घेतो. उरलेलं बहुतांश नत्र कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात पाण्यात सुटतं, काही विष्ठेतून आणि कुजणाऱ्या उरल्यासुरल्या खाद्यातून. अमोनिया माशाला थेट मारतो. फिल्टरच्या स्पंजवर जो बुळबुळीत थर बसतो त्यातले सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे दोन टप्प्यांचं काम उलगडलं. त्यानंतर शंभरेक वर्षं पाठ्यपुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी ठाण मांडून बसली. प्रत्यक्षात काचेच्या टँकमध्ये दुसरा टप्पा मुख्यतः नायट्रोस्पायरा हे जिवाणू सांभाळतात, हे १९९०च्या दशकात दिसलं. मग २०१५ मध्ये नायट्रोस्पायरातलेच काही जिवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने उरकतात, असं सापडलं. त्यातला एक नमुना आला होता मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून!

फिल्टरचं काम इथे संपतं. नायट्रेटला पुढे कोणी हात लावत नाही, ते साठत जातं. अमोनियाच्या तुलनेत ते सौम्य असल्यामुळे मासा लगेच दगावत नाही, पण पाणी हिरवं होतं, काचेवर शेवाळ चढतं आणि नाजूक जातीचे मासे व पिल्लं मरगळतात.

नेमकी हीच साखळी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात जमिनीखाली चालू असते. केळीच्या एका झाडाला शिफारशीप्रमाणे सुमारे दोनशे ग्रॅम नत्र लागतं आणि ते बहुतांशी युरियातून जातं. युरियाचा अमोनिया आणि अमोनियाचं नायट्रेट मातीतही याच कुळांतले सूक्ष्मजीव करतात. काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती धन भाराचं अमोनियम धरून ठेवते, नायट्रेटला मात्र थारा देत नाही. जादा दिलेल्या पाण्याबरोबर ते खाली उतरतं आणि विहिरी-बोअरपर्यंत पोचतं. गावात गोठ्याची आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यांची भर पडते ती वेगळीच. ड्रिपमधून थोडं थोडं विद्राव्य खत सोडण्याचं तंत्र जळगावनेच देशात रुजवलं आणि त्याने ही गळती कमी होते. पण जे आधीच खाली गेलं ते वर्षानुवर्षं तिथेच मुरलेलं राहतं.

समजा, बोअरच्या पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि टँकमध्ये १००. निम्मं पाणी बदललं की आकडा ८० वर येतो. पुन्हा बदललं की ७०. कितीही वेळा बदला, साठच्या खाली तो जाणार नाही. त्यात आपला उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की टँकची पातळी दिवसागणिक उतरते. उडून जातं ते शुद्ध पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. कुलरच्या जाळीवर एप्रिल-मेमध्ये जो पांढरा खडखडीत थर बसतो, तसाच प्रकार टँकमध्ये होतो, फक्त विरघळलेला असल्यामुळे दिसत नाही. साठ लिटरच्या टँकमध्ये उडालेल्या पाण्याच्या जागी त्याच बोअरचं दहा लिटर पाणी घातलं की लिटरमागे दहा मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते, माशाला खाद्याचा एक दाणाही न घालता.

म्हणून इथे झाडाला काम सांगायचं. झाड नायट्रेट खातं, म्हणजे स्वतःच्या पानांत बांधून घेतं. पाण्यात बुडालेल्या वनस्पतीही ते करतात, पण त्यांची अडचण कार्बन डायऑक्साइडची आहे. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे बुडालेलं पान अर्धपोटीच राहतं. ज्याची मुळं पाण्यात आणि पानं हवेत आहेत त्या झाडाला ही टंचाई नाही, शिवाय खिडकीचा उजेड थेट मिळतो. ते भराभर वाढतं आणि जितकं वाढतं तितकंच नत्र ओढतं. मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व वापरून नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने फायटोरिड हे सांडपाणी शुद्धीकरणाचं तंत्र उभं केलं, त्यात कर्दळीसारखी झाडं लावतात.

घरच्या टँकसाठी सगळ्यात बिनधोक गडी म्हणजे मनी प्लांट. हा मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटाचा. चोरून आणला तरच फळतो अशी आपल्याकडे समजूत आहे. खरं तर त्याच्या फांदीला पेरापाशी हवेतल्या मुळांचे कोंभ तयारच असतात, त्यामुळे तो विकत आणला काय, उचलून आणला काय, पाण्यात लागतोच. बहुतेकांनी त्याला फूल आलेलं पाहिलेलं नसतं, कारण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं तयार करता येत नाही. फुलण्यात शक्ती जात नाही, सगळी पानांत जाते. आपल्या कामाला असाच वेल हवा. त्याच्या जोडीला सिंगोनियम, स्पायडर प्लांट, लकी बांबू, पीस लिली चालतात. खाण्यासारखं काही हवं असेल तर पुदिना किंवा रताळ्याचा वेल लावावा.

पेराच्या जरा खाली कापलेली, तीन-चार पेरं असलेली फांदी घ्यावी. कापलेल्या जागेतून चीक येतो, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. म्हणून फांदी धुऊन थोडी सुकू द्यावी. खालची दोन पेरं पाण्यात आणि एकही पान पाण्यात नाही, अशा बेताने ती टँकच्या कडेला किंवा मागे लटकणाऱ्या फिल्टरच्या कप्प्यात अडकवावी. नर्सरीतून कुंडीसकट झाड आणलं असेल तर माती पूर्ण धुवा, कारण त्या मातीत खत आणि कीटकनाशक दोन्ही असू शकतात. इथल्या उबेत आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. ही मुळं कुंडीतल्या मुळांसारखी तपकिरी आणि चिवट नसतात. पांढरीशुभ्र, जाडसर, टोकाकडे बारीक केसाळ होत गेलेली, पंपाच्या प्रवाहात एका बाजूला झुकलेली दिसतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा जटांसारखा गुंता होतो आणि गप्पीची पिल्लं मोठ्या माशांपासून लपायला त्यात शिरतात. गोल्डफिश मात्र तीच मुळं कुरतडतात, त्यांच्या टँकमध्ये मुळांभोवती जाळीचा डबा लावावा. टँक उन्हात ठेवू नका. मुळं टँकमध्ये आणि वेल खिडकीकडे वळवलेला, अशी रचना खानदेशच्या उन्हाळ्यात बरी.

इथवर वाचून कोणी एक फांदी खोचून निश्चिंत होईल, म्हणून थोडा हिशेब. मध्यम आकाराच्या चार गोल्डफिशना दिवसाला एक ग्रॅम खाद्य घातलं, तर त्यातून सुमारे दोनशे मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. साठ लिटरच्या टँकमध्ये महिन्याला लिटरमागे शंभर मिलिग्रॅम! उलट बाजूला, शंभर ग्रॅम ताजी पालवी वाढली तर त्यात पाणीच नव्वद ग्रॅम. उरलेल्या दहा ग्रॅममध्ये तीन टक्के नत्र धरलं, तर त्याने ओढलेलं नायट्रेट १.३ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे त्याच टँकमध्ये लिटरमागे बावीस मिलिग्रॅम. गोल्डफिशची महिन्याची घाण पुरती उचलायला साडेचारशे ग्रॅम नवी वाढ हवी. एका फांदीच्या आवाक्यातलं हे काम नाही, भरगच्च वेलांचंही जेमतेम. आठ-दहा गप्पी असतील आणि खाद्य दिवसाला ०.२ ग्रॅम असेल, तर मात्र महिन्याला नव्वद ग्रॅम वाढीत भागतं. ती उन्हाळ्यात सहज होते, थंडीत नाही. हा हिशेब ढोबळ आहे. पण मनी प्लांट लावला की पाणी बदलायलाच नको, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी तो एकदा मांडून पाहावा. झाडाइतकाच, किंबहुना जास्त, उपयोग खाद्याची चिमूट लहान करण्याचा आहे.

आणि वेल छाटला पाहिजे. नत्र पानात गेलं म्हणजे टँकबाहेर गेलं असं नाही. पिवळं पान गळून पाण्यात कुजलं की सगळं परत तिथेच. छाटून बाहेर काढाल तेवढंच खरं बाहेर गेलं.

पानं पिवळी पडायला लागली तर बहुतेकदा नत्र कमी नसतं, पोटॅशियम किंवा लोह कमी असतं. माशांच्या खाद्यातून ही दोन्ही पुरेशी येत नाहीत, आणि आपल्या पाण्याच्या जास्त सामूमुळे (पीएचमुळे) असलेलं लोहही झाडाला उचलता येत नाही. अशा वेळी बागेचं खत टँकमध्ये घालायचा मोह होतो. त्या खतात नत्र असतंच, मग सगळ्या खटाटोपाचा अर्थ काय? ॲक्वेरियमच्या दुकानात नत्र नसलेलं लोह-पोटॅशचं द्रावण मिळतं, ते घ्यावं.

सामूचा त्रास झाडापुरताच नाही. धुळे जिल्हा बहुतांशी बेसाल्टच्या खडकावर आहे आणि तिथल्या विहिरींचं पाणी जड. जड पाण्याचा सामू आठच्या आसपास असणं नवल नाही, आणि माशांच्या दृष्टीने ही बाब नायट्रेटहून गंभीर आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जहाल आणि दुसरं बरंच निरुपद्रवी, म्हणजे अमोनियम. सामू ७ आणि पाणी २५ अंश असेल तर जहाल रूप एक टक्काही नसतं. सामू ८ झाला की ते पाच टक्क्यांवर जातं आणि त्यात पाणी ३० अंशांवर चढलं की सात टक्क्यांच्या वर. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. भर उन्हाळ्यात वीज गेली, पंप थांबला, की फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात आणि अमोनिया वर चढू लागतो. अशा वेळी मुळांचा गुंता थोडा आधार देतो, कारण झाडं अमोनियमही थेट शोषतात. पण हवेतली पानं प्राणवायू हवेत सोडतात, पाण्यात नाही. त्यामुळे बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असलेला बरा.

नायट्रेटचं द्रवाचं टेस्ट किट दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. काचेच्या छोट्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीतले थेंब टाकायचे, मग दुसरी बाटली जोरजोरात हलवून तिचे. हलवायचा कंटाळा करू नये. तळाशी बसलेली जस्ताची बारीक पूड नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मगच रंग येतो. न हलवता टाकलं तर भरपूर नायट्रेट असूनही नळी पिवळीच राहते. पाच मिनिटांत पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा गडद लाल होत जातो.

ही नळी टँकबरोबर एकदा बोअरच्या पाण्यानेही भरून पाहावी. माशांसाठी आणलेलं हे किट घरात पिण्याचं पाणी तपासायचं एक साधन होऊन बसतं. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि तान्ह्या बाळांची निळी पडणारी कातडी यांचा संबंध हंटर कॉम्ली या अमेरिकन डॉक्टरने १९४५ मध्ये आयोवा राज्यातल्या शेतवस्तीवरून दाखवला. आजही सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांखालच्या, वरचं दूध पाण्यात कालवून पिणाऱ्या बाळांना असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं वाढतं. टीसीएल पावडर किंवा कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही. आरओने बरंचसं जातं, पण आरओच्या बाहेर टाकलेल्या पाण्यात ते एकवटलेलं असतं, म्हणून ते पाणी टँकमध्ये ओतू नये; कुंड्यांना घालायचं तर क्षार जमणार नाहीत इतक्या बेताने.

किटवरचा आकडा नायट्रेटचा आहे की नुसत्या नायट्रोजनचा, ते डबीवर वाचून घ्या. नायट्रेटचे ४५ म्हणजे नायट्रोजनचे जेमतेम १०, आणि इथे गल्लत झाली तर निष्कर्ष पार उलटा निघतो. मर्यादेच्या वर रंग गेला तर स्वच्छ बाटलीत नमुना भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्यावा, आणि निकाल येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी धरणातून येणारं नळाचं पाणी वापरावं.