पत्र्याखालचा ताप

पलसाण्याच्या परिसरात मे महिना लागला की माझ्या दवाखान्यात सहा-आठ दिवसांची तापलेली बाळे येऊ लागतात. ती उन्हात गेलेली नसतात. डाइंग मिलच्या आसपास पत्र्याच्या छपराच्या भाड्याच्या खोल्या आहेत. खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे तेथे राहतात. वरच्या मजल्यावरील बंद खोली, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, बाळाला टोपडे, दुपटे आणि वर गोधडी! नवजात बालकास घाम पुरेसा येत नाही, पांघरूणही झुगारता येत नाही.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत तापमान ४६ अंशांपलीकडे गेले, तेव्हा तेथील शारदाबेन रुग्णालयात उष्म्याने आजारी झालेली नवजात बालके मोठ्या संख्येने दाखल झाली. प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलविल्यावर अशा बालकांचे प्रमाण घटले. सुरत जिल्ह्यात पारा तितका चढत नाही. परंतु समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि रात्रीही पत्र्याखाली विसावा मिळत नाही. पाऱ्याच्या आकड्यावर विसंबणे म्हणूनच फसवे ठरते.

व्यवसायाच्या आरंभी अशा प्रत्येक तापाला मी जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके देत असे. आता आधी छपराची चौकशी करतो आणि बाळाच्या तळहाता-तळपायांना हात लावतो. पोटाइतकेच हातपायही गरम असतील तर उष्म्याचा संशय बळावतो. पोट गरम व हातपाय गार असतील तर जंतुसंसर्गाचा. मात्र या खुणेवर भरवसा ठेवून पालकांनी घरी थांबू नये. नवजात बाळाचा ताप डॉक्टरांना दाखवावाच. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, तर विनाविलंब. उष्म्याच्या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. वाटेतच दुपटे सोडावे, अंगावर पाजत राहावे. पाणी भरपूर प्यावे ते आईने. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी नको.

शेगडी काढा म्हटले की आजीबाई रुष्ट होतात, आणि त्यांचे सारेच चुकते असेही नाही. पौषातील बाळंतपणाला ती ऊब योग्यच असते. गेल्या उन्हाळ्यात एका आजींनी माझ्याशी वाद घातला, घरी गेल्या आणि दुपारपुरती सुनेची खाट तळमजल्यावरील शेजारणीच्या खोलीत हलविली. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मुलाकडून त्यांनीच मारून घेतला.