सोया मेणाचा स्तंभ आणि त्याची वात
सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून, म्हणजे द्रव तेल हायड्रोजनच्या साहाय्याने घट्ट करून, मिळणारे सोया मेण मुळात मऊ असल्याने, भांड्याविना उभ्या राहणाऱ्या स्तंभाकार मेणबत्तीसाठी 50 अंश सेल्सिअसच्या वर वितळणारे मेण निवडावे लागते किंवा त्यात कडकपणा आणणारे स्टिअरिक आम्ल मिसळावे लागते. खरी कसोटी मात्र वातीची असते. ती बारीक पडल्यास ज्योत मधोमध विहीर खोदत जाते आणि अखेर साचलेल्या पातळ मेणात बुडून विझते, तर ती जाड असल्यास कडेची भिंत फुटून मेण ओघळते व काजळी धरते. सुगंधी तेल किंवा रंग बदलला की वातही नव्याने पारखावी लागते, याकडे घरगुती प्रयोगांत बहुधा दुर्लक्ष होते. पेटवण्यापूर्वी वात सुमारे 6 मिलिमीटर उरेल इतकी कापावी.