जेवणाच्या टेबलावर शेजारचं युद्ध

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम वॉर्सा, पोलंड.

गोष्ट १४ सप्टेंबर २०२५ ची, रविवारची. ऑफिसातल्या मित्रानं घरी जेवायला बोलावलं. टेबलावर आम्ही चौघं: तो, त्याची आई, मी आणि त्यांच्याकडे भाड्यानं राहणारी युक्रेनमधल्या खारकिव्हची एक ताई. ताटात पिएरोगी. म्हणजे उकडलेल्या करंज्याच समजा, आत बटाटा, पनीरसारखं चीज आणि कांदा. मी उत्साहात म्हटलं, "अरे वा, पिएरोगी रुस्किए!" आणि जीभ चावली. समोर युक्रेनची बाई बसलीये आणि मी 'रशियन' म्हणतोय!

काकू हसल्या. म्हणाल्या, त्याचा अर्थ रशियन नाही रे. रुस हा जुना प्रदेश, त्यातला बराच भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे. तरी २०२२ नंतर कित्येक हॉटेलांनी मेनूवर 'युक्रेनी पिएरोगी' लिहायला सुरुवात केली.

मग मी तो प्रश्न विचारलाच. युद्ध इथं येईल का?

कारण चारच दिवसांपूर्वी, १० सप्टेंबरच्या पहाटे, सुमारे २० रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले होते. पोलंडच्या आणि नेदरलँड्सच्या विमानांनी त्यातले काही पाडले. घरून मेसेजवर मेसेज: नाटो गप्प का?

मित्रानं नीट समजावलं. नाटो कराराचं कलम ५ म्हणतं, एकावर सशस्त्र हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण ते बटण दाबल्यासारखं चालू होत नाही. आधी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि नंतरही काय मदत करायची हे ज्या त्या देशानं ठरवायचं. आजवर ते एकदाच वापरलं गेलं, २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. पोलंडनं यावेळी मागितलं कलम ४. म्हणजे धोका वाटतोय, सगळे बसून बोलूया.

मला हे जरा मुळमुळीत वाटलं. तेव्हा त्यानं प्शेवोडुफची आठवण दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमेजवळच्या या गावात क्षेपणास्त्र पडलं, दोन माणसं गेली. पहिला संशय रशियावर. नंतर पोलंड आणि नाटो म्हणाले, ते बहुधा रशियन मारा अडवायला युक्रेननंच सोडलेलं होतं. त्या रात्री कुणी घाई केली असती तर? विचार करा.

काकूंची भीती मात्र कलमांत मावणारी नाही. "बुधवारी १७ सप्टेंबर," एवढंच त्या म्हणाल्या. १९३९ मध्ये १ तारखेला जर्मनी पश्चिमेकडून घुसला आणि १७ ला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. लाखो पोलिश लोकांना सैबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे नेलं गेलं. त्यातलेच सुमारे पाच हजार पुढे इराणमार्गे आमच्या कोल्हापूरशेजारी वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिले. मी हे सांगितल्यावर काकूंनी माझा हात धरला. ताईला यातलं काही माहीत नव्हतं.

आता सगळं गोडगोड आहे असंही नाही हं. १९४३ च्या व्होलिनियातल्या कत्तलींवरून पोलिश आणि युक्रेनी माणसांत आजही वाद होतात, आणि स्वस्त युक्रेनी धान्यावरून पोलिश शेतकऱ्यांनी सीमेवर रस्ते अडवले होते. त्या रात्री यावर कुणी बोललं नाही.

तेवढ्यात सायरन वाजला. मी दचकून खिडकीकडे पाहिलं. तो ताईच्या फोनमधून येत होता. वॉर्सात बसूनही तिनं हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचं ॲप खारकिव्हवरच लावून ठेवलंय. नवरा तिकडे आहे. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना युद्धकाळात देश सोडायला बंदी होती. त्या ऑगस्टमध्ये २२ वर्षांपर्यंतच्या मुलांना सूट मिळाली, पण तो चाळिशीचा.

तिनं मेसेज केला. आम्ही तिघंही खायचं थांबलो. सात-आठ मिनिटांनी उत्तर आलं, "ओके." ताईनं फोन पालथा ठेवला, आणि काकूंनी न विचारता तिच्या ताटात आणखी चार पिएरोगी वाढले.