ग्रेट यारमथचे नगरचिन्ह

ग्रेट यारमथचे नगरचिन्ह हे इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतील, यार नदीच्या मुखाशी वसलेल्या ग्रेट यारमथ या बंदराचे ढालीच्या आकाराचे चिन्ह आहे. ढालीचा अर्धा भाग लाल व अर्धा निळा असून तिच्यावर एकाखाली एक असे तीन विचित्र प्राणी आहेत: पुढचे अंग सोनेरी सिंहाचे, मागचे रुपेरी हेरिंग माशाचे.

मूळ चिन्हात तीन हेरिंगच होते. तारलीच्या जातकुळीतला हा मासा खारवून व धुरी देऊन विकण्यावर शहराची उपजीविका चाले. १३४० मध्ये स्लॉइसच्या आरमारी लढाईत यारमथच्या जहाजांनी फ्रेंचांविरुद्ध बजावलेल्या कामगिरीबद्दल तिसऱ्या एडवर्डने राजचिन्हातील सिंह शहराला बहाल केले, अशी परंपरा आहे. दोन ढाली उभ्या कापून अर्ध्या-अर्ध्या जोडण्याची ही मध्ययुगीन पद्धत पती-पत्नींची कुलचिन्हे एकत्र करण्यासाठीही वापरली जाई. ढाल धरणाऱ्याची उजवी बाजू मानाची समजतात. ती राजाच्या सिंहांना मिळाली (पाहणाऱ्याला ती डावीकडे दिसते) आणि माशांच्या फक्त शेपट्या उरल्या. 'रेक्स एत नोस्त्रा जुरा' म्हणजे 'राजा आणि आमचे हक्क' या लॅटिन ब्रीदवाक्यातही क्रम तोच आहे. नगर म्हणून हक्क देणारी सनद जॉन राजाने १२०८ मध्ये दिली होती.

आग्नेय किनाऱ्यावरील सिंक पोर्ट्स या बंदरसंघाच्या ढालीवरही असेच अर्धे सिंह आहेत. त्यांना जहाजांचे मागील भाग जोडलेले आहेत. हेरिंगच्या जत्रेवरील अधिकारावरून या संघाचे यारमथशी दीर्घकाळ वैर होते. १२९७ मध्ये तर दोघांची जहाजे राजाच्याच मोहिमेवर असताना आपसांत लढली.