गुळाचा रंग आणि ग्राहकाची खुर्ची

बिद्री म्हटले की लोकांना साखर कारखाना आठवतो. मला आठवते गुऱ्हाळ. काहिलीतल्या रसात भेंडीचे पाणी घातले की मळी वर येई, आणि गूळ तांबूस उतरे. बाजारात भाव मात्र पिवळ्या रव्याला. तो पिवळेपणा पुष्कळदा ‘हायड्रॉस’ घालून आणतात. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश राहतो आणि दम्याच्या काही रुग्णांना तो बाधतो. माझ्या आईला दमा होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या या अंशाची मर्यादा ठरवतो कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

देशात ती ठरवते २००६च्या कायद्याने आलेले अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. त्याच्या अध्यक्षाव्यतिरिक्तच्या २२ सदस्यांत ग्राहक संघटनांचे दोन, शेतकरी संघटनांचे दोन आणि अन्न उद्योगाचे दोन प्रतिनिधी असावेत, असे कायदा सांगतो.

जागतिक मानके ठरवतो कोडेक्स आयोग. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी त्याचे काम १९६३ मध्ये सुरू केले. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या वादांतही त्याची मानके प्रमाण धरली जातात. तेथे मत फक्त सरकारांना. ‘कन्झ्युमर्स इंटरनॅशनल’ ही ग्राहक संघटनांची जागतिक संस्था निरीक्षक म्हणून बसते. बोलू शकते, मत देऊ शकत नाही. २०१२ मध्ये जनावरांच्या खाद्यातील रॅक्टोपमीन या औषधाची मांसातील मर्यादा ६९ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाली. या संस्थेचा विरोध होता, पण तो मोजणीत आला नाही.

गूळही या दारात गेला आहे. कोलंबियाने आपल्या ‘पनेला’साठी, म्हणजे तिकडच्या गुळासाठी, जागतिक मानक मागितले. त्याचे नाव काय आणि त्यात काय काय धरायचे, यावरच चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली.

म्हणून ग्राहकाचा खरा जोर लागतो तो घरच्या टप्प्यावर, देशाची भूमिका ठरताना. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी आणि १९७५ मध्ये ग्राहक पंचायत उभी राहिली, ती सामान्य माणसांच्या बळावर. पण मसुदा वाचायला तज्ज्ञ, तपासणीला प्रयोगशाळा आणि परदेशी बैठकीला प्रवासखर्च लागतो. उद्योगाला हे सारे परवडते. ग्राहकाची खुर्ची असते. तीवर बसणाऱ्याच्या हातात आकडे नसतात.

आमच्यापुरते सांगायचे, तर दिवाळीचा गूळ घेताना मी आता तांबूसच मागतो. दुकानदार म्हणतो, “तो कोणी घेत नाही हो.” पिवळ्या रंगाला मत आपणच देत आलो आहोत.