घाट चढणारी मोटार आणि तिचे इंधन

सह्याद्रीच्या माथ्यावरील कोयनेचे पाणी सुमारे ४७५ मीटर खाली आणून रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी येथील भूमिगत वीजगृहात १९६२ पासून वीजनिर्मिती केली जात आहे. याच पोफळीपासून कुंभार्ली घाटाची चढण सुरू होते. पाणी ज्या उंचीवरून उतरते, साधारणपणे तितकीच उंची कराडकडे निघालेल्या मोटारीला चढावी लागते. उतरताना पाणी शक्ती देऊन जाते. चढणाऱ्या मोटारीला मात्र ती पेट्रोलमधून मिळवावी लागते. चिपळूण-कराड मार्गावर ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचा विचार येथूनच सुरू करणे योग्य होईल.

चार माणसांसह लहान मोटारीचे वजन सुमारे एक हजार किलो भरते. एक लिटर पेट्रोलमधील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. हे लक्षात घेता, तेवढे वजन ४७५ मीटर नुसते वर उचलण्यासच अर्ध्या लिटरहून किंचित अधिक पेट्रोल लागते. हवेचा व रस्त्याचा विरोध यांसाठी लागणारे इंधन निराळेच. सपाट रस्त्यावर एवढ्या पेट्रोलमध्ये तीच मोटार सहज दहा किलोमीटर गेली असती. विक्रीच्या वेळी सांगितला जाणारा आकडा हा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या चाचणी संस्थेत, रोलरवर, ठरावीक वेगक्रमानुसार काढलेला असतो. त्यात घाट नसतो. तेव्हा केवळ घाट चढतानाच्या मोजणीवरून मोटारीत दोष आहे असे म्हणता येणार नाही.

दोष शोधायचा तर मोजणी नीट हवी. टाकी भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. जाणे व येणे दोन्ही धरून किमान दोन-तीनशे किलोमीटर प्रवास झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तितकीच टाकी भरावी. भरलेल्या लिटरनी अंतराला भागावे. काट्यावरील अंदाजावर विसंबणे व्यर्थ होय. या मोजणीतही एक वजावट करावी लागते. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमधील शक्ती लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट ही इंधनाचीच असते. ती कोणत्याही मेकॅनिकला भरून काढता येत नाही.

यानंतरही आकडा कमी राहिला, तर प्रथम टायरमधील हवा पाहावी. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला दाब थंड टायरसाठी असतो. घाट चढून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडून देणारे चालक पुष्कळ आहेत. टायर निवल्यावर तीच हवा कमी पडते आणि मोटार जड चालते.

कोकणात विशेष जपावे ते ब्रेकला. येथील मुसळधार पावसाळ्यात हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या मोटारीचे ब्रेक गंजून चिकटतात आणि पाय काढला तरी चाकाला धरून राहतात. सपाट रस्त्यावर ब्रेकचा फारसा वापर न करता काही अंतर जावे, मोटार सावकाश थांबवावी आणि चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून स्पष्टपणे तापलेले असल्यास इंधन कोठे जाते ते कळते. हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. आधीच तापलेला ब्रेक घाट उतरताना आणखी तापून निकामी होऊ शकतो. अशा मोटारीने घाटात जाऊच नये.

एअर फिल्टरला मात्र वाजवीपेक्षा अधिक दोष दिला जातो. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारीत तो तुंबला की पेट्रोल जास्त जळे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात संगणक हवेच्या मानाने इंधन कमी करतो. घटते ती मुख्यतः ओढ. तो बदलावा, पण मोठ्या बचतीची अपेक्षा ठेवू नये. त्याऐवजी बऱ्याच अंतरानंतरही तापमानाचा काटा खालीच राहतो काय, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवतो व संगणक थंड इंजिन समजून जादा पेट्रोल देत राहतो. चढणीवर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे.

मोटार निर्दोष ठरल्यास उरतो तो चालक. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंद झालेल्या भागात हा मोह आवरत नाही. टपावरचे रिकामे कॅरिअर त्यात भरच घालते. पेट्रोल वाचविण्यासाठी घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय तर दुहेरी तोट्याची आहे. इंजेक्शनच्या मोटारीत गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुतेक उतारभर इंधनपुरवठा बंद राहतो आणि इंजिन मोटारीला आवरून धरते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते, आणि मोटारीचा सारा भार पोफळीपर्यंत ब्रेकवर पडतो.